शेवटच्या पानाचा नियम

जमिनीखालच्या गोष्टींची मुख्य अडचण ही, की त्या जमिनीखाली असतात. त्या खणून वर काढल्या आणि त्यांची नोंद केली, की ती नोंद कार्यालयाच्या तळघरात जाते आणि अडचण पुन्हा होती तिथेच येऊन बसते. विभागीय उत्खनन कार्यालयाने ही परंपरा वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळली होती. उत्खननाच्या वह्या लोखंडी कपाटांत होत्या, कपाटांच्या किल्ल्या वरच्या मजल्यावर बिस्किटांच्या डब्यात होत्या, आणि कोणती किल्ली कोणत्या कपाटाची हे ज्याला ठाऊक होते तो लिपिक निवृत्त झाला होता. (निरोप समारंभात त्याच्या स्मरणशक्तीची सर्वांनी तोंड भरून स्तुती केली. तिच्यात काय आहे ते लिहून घ्यायचे तेवढे राहिले.)

या सगळ्या वह्या संगणकावर आणायच्या, कुणालाही घरबसल्या शोधता आल्या पाहिजेत, असा ध्यास समन्वयक बाईंनी घेतला होता. बाई शिक्षणाने ग्रंथपाल. हातात कुदळ त्यांनी कधी धरली नव्हती, पण त्यांचे वडील याच कार्यालयात उत्खनक होते. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी शहराबाहेरच्या एका टेकाडावर, उन्हात उकिडवे बसून काढली. त्यांना तिथे एका फार जुन्या घराची मातीची जमीन सापडली. सारवण ओले असताना एक मूल त्या जमिनीवरून चुलीकडे धावत गेले होते. त्याची पावले उमटलेली होती, आणि त्यांतले एक पाऊल मध्येच मागे वळलेले होते. बहुधा आई ओरडली असावी.

वडिलांनी ती पावले मोजली, वहीत रेखाटली, वर बारीक वाळू पसरली आणि चर मातीने बुजवून टाकला. उघडी ठेवली असती तर एका पावसाळ्यात गेली असती. अहवाल काही छापला गेला नाही. म्हणजे ते मूल आता दोनच ठिकाणी होते, टेकाडाच्या पोटात आणि तळघरातल्या वहीत, आणि दोन्हीकडे अंधार होता. वडील थकले होते. ते असेपर्यंत त्या पावलांना उजेड दाखवायचा, एवढेच बाईंना हवे होते. बाकी जनतेची सोय वगैरे ओघाने आलीच.

सुदैवाने त्याच सुमारास कार्यालयाला नवे संचालक लाभले. साहेब महसूल खात्यातून आले होते. फाइल कशी वाचावी हे त्यांच्याइतके कुणाला कळत नसे.

"बाई, फाइल मागून वाचायची असते," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. "शेवटच्या पानावर निर्णय असतो. आधीचा सगळा पत्रव्यवहार. इतक्या वह्या पूर्ण टाइप करायच्या म्हणजे आपल्या नातवंडांनाही इथेच नोकरी लावावी लागेल. प्रत्येक वहीचं शेवटचं पान घ्या, त्यातलं शेवटचं वाक्य घ्या. झाला डेटाबेस."

"साहेब, उत्खननाची वही जरा वेगळी असते."

"वेगळी म्हणजे? तिला शेवटचं पान नसतं का?"

शेवटचे पान असते, हे बाईंना मान्य करावे लागले. निदान सुरुवात तर होईल, उरलेले नंतर घेऊ, असे त्यांनी मनाशी म्हटले. (कार्यालयातले सर्वांत भरलेले कपाट या 'नंतर'चेच होते.)

इथे उत्खननाच्या शास्त्राविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. उत्खनक वरून खाली खणतो. त्यामुळे त्याची वही पहिल्या पानावर गवताने सुरू होते, मग खापरे, मणी, चुली, भिंती असे करत खाली खाली जाते. जिथे माणसाचा पाय कधीच लागला नाही अशी मूळ माती लागली, की खोदाई थांबते. आपण मध्येच अंग चोरले नाही, थेट तळापर्यंत गेलो, याची साक्ष म्हणून उत्खनक तिथे एक ठरावीक वाक्य लिहितो : 'येथून खाली काही नाही.' आणि सही करतो. कामचुकाराच्या वहीत हे वाक्य सापडायचे नाही. जितका माणूस प्रामाणिक, तितके ते ठळक. बाईंचे वडील घरी कायम त्या पावलांविषयी बोलत. शेवटच्या पानाविषयी ते कधी बोलले नाहीत, कारण त्यावर बोलण्यासारखे काही नसते.

डेटाबेस ठरल्या मुदतीच्या आत पूर्ण झाला, ही घटना खात्याच्या इतिहासात स्वतःच उत्खनन करण्याजोगी. टंकलेखकांचे काम दिवसागणिक वेगाने होत गेले. पुढे पुढे तर ते वही न उघडताच करू लागले, आणि तपासणीत एकही चूक आढळली नाही. विभागातल्या कोणत्याही स्थळाचे नाव टाका, उत्तर पापणी लवण्याच्या आत येई. इतक्या उत्खनकांचे इतके एकमत विद्वानांच्या जगात पूर्वी कधी दिसले नव्हते. रस्तेवाले, धरणवाले आणि इमारती बांधणारे यांनी प्रणालीला पाचपैकी पाच तारे दिले. एका संशोधकाने तेवढे 'चूल' आणि 'मणी' शोधून काही मिळत नसल्याचे कळवले. त्याची नोंद 'आपल्याला काय हवे हे वापरकर्त्यालाच ठाऊक नाही' या सदरात घेण्यात आली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी बाई लॅपटॉप घेऊन वडिलांच्या खाटेपाशी बसल्या.

"बाबा, चष्मा लावा. तुमचं टेकाड."

वडिलांनी चष्मा पुसला, लावला, आणि पडद्यावरची एकच ओळ वाचली.

"अगं, हे तळाचं वाक्य आहे," ते म्हणाले. "वरचं कुठंय? पोरगं कुठंय?"

काय झाले आहे ते बाईंच्या एका क्षणात लक्षात आले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. पुराव्यादाखल मूळ वही जोडणे बंधनकारक होते. वह्या आता डेटाबेसमध्ये सुरक्षित असल्याने खोक्यांत सीलबंद झाल्या होत्या, आणि डेटाबेससाठी स्वतंत्र भवन उभे राहिल्यावरच ती खोकी उघडायची होती. भवनाची जागा अर्थातच डेटाबेसमध्ये शोधून ठरवण्यात आली. खाली काही नाही अशी जागा हवी होती. तशा सगळ्याच होत्या, पण टेकाडावर वारा चांगला येत होता.

बाईंनी साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. साहेब सहानुभूतीने म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण सिस्टिम तुम्हीच मागितली होती ना?"

पाया खणताना मुकादमाला वाळूचा थर लागला आणि त्याखाली पावले दिसली. भला माणूस होता. त्याने काम थांबवून कार्यालयाला फोन लावला. शोधकक्षातल्या कारकुनाने तत्परतेने शोध घेतला.

"तिथं काही नाही."

"अहो, मला दिसतंय ना! पायाचे ठसे आहेत, लहान पोराचे."

"कुठं दिसतायत? सिस्टिममध्ये?"

त्या ठिकाणी जुने काही नसल्याचे सिद्धच असल्यामुळे ठसे ताजे ठरले. बांधकामाच्या जागी लहान मुले घुसतात ही गंभीर बाब होती. ताबडतोब रखवालदार नेमण्यात आला आणि फाटकावर पाटी लागली : 'लहान मुलांना आत येण्यास सक्त मनाई.' बाई वडिलांना रिक्षाने घेऊन पोहोचल्या, तेव्हा आत काँक्रीट ओतणे चालू होते. वडिलांनी ती पाटी सावकाश वाचली.

"म्हणजे सापडलं तर ते," ते म्हणाले. "पुन्हा कुणीतरी ओरडलं त्याच्यावर."

बाई फाटकापाशीच रडल्या. रखवालदाराने त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

भवन सुरेख झाले. खोकी उघडली, आणि प्रलंबित अर्ज म्हणून वडिलांची वही सर्वांत आधी निघाली. ती पहिल्या पानापासून पूर्ण टाइप झाली : जमीन, चूल, पावले, मागे वळलेले ते एक पाऊलही. दुरुस्ती मंजूर झाली. हे कळायला वडील राहिले नव्हते. नियमानुसार स्थळपाहणीसाठी एक समिती पावलांच्या नेमक्या जागी गेली. ती जागा म्हणजे भवनाच्या तळमजल्यावरची, संगणक ठेवलेली थंड खोली. समितीने फरशी पाहिली, चहा घेतला आणि अहवाल लिहिला. अहवालाच्या शेवटच्या पानावर शेवटचे वाक्य होते, 'येथे काही नाही.' डेटाबेसमध्ये सध्या तेच दिसते.

ही हकीकत लांबल्याबद्दल क्षमस्व. आपल्याला वेळ कमी असतो, आणि लांबी बघून आधी शेवटावर नजर टाकायची, मग वाचायचे की नाही ते ठरवायचे, अशी आपली पद्धत आहे याची कार्यालयाला जाणीव आहे. ही प्रणाली आपल्यासारख्यांसाठीच बनवली होती. तेव्हा आपल्या सोयीसाठी : येथून खाली काही नाही.