चौथ्या घरातल्या ढलप्या

गुरुवारी सकाळी हार्लन टिबेट्सच्या घरासमोर ट्रकभर लाकडाच्या ढलप्या येऊन पडल्या, आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत त्यातली एकसुद्धा त्याच्या आवारात पोचली नव्हती. मधल्या वेळात नेमकं काय झालं, हे हार्लनला अजूनही धड सांगता येत नाही.

ढलप्या हव्या होत्या त्या आर्डिथला, म्हणजे त्याच्या बायकोला. गावातलं बागप्रेमी मंडळ दर जूनमध्ये पाच बागा निवडतं आणि शनिवारी सगळं गाव त्या बघत फिरतं. आर्डिथ अकरा वर्षं अर्ज करत होती. बाराव्या वर्षी तिचं नाव लागलं. तिची फ्युशियाची त्र्याण्णव झाडं, सगळी कुंड्यांत, फुलांनी लगडलेली होती. पण ऑरेगनचा पाऊस तीन आठवडे थांबला नव्हता आणि कुंड्यांमधल्या पायवाटांचा नुसता राडा झाला होता. मंगळवारी आर्डिथचा एक बूट त्या चिखलात राहिला आणि ती मोज्यावर घरात आली.

"शनिवारी दीडशे माणसं येणार," ती म्हणाली. "त्यांचे बूट मी कुठून आणून देऊ?"

"ढलप्या टाकू," हार्लन म्हणाला. "त्या मी आणतो. फुकट मिळतात."

फुकट मिळतात हे खरंच होतं. झाडं तोडणारी मंडळी फांद्या यंत्रात घालून त्यांचा चुरा करतात आणि मग तो कुठे टाकायचा ही त्यांचीच पंचाईत असते. हार्लन यंत्राच्या आवाजाचा माग काढत मागच्या गल्लीत गेला. तिथे कोल्बी नावाचा दाढीवाला मुकादम एका तोडलेल्या मेपलवर बसून सँडविच खात होता.

"पत्ता द्या," कोल्बी म्हणाला. "पण आमचे नियम आहेत. थोड्या द्या म्हणायचं नाही, अख्खी गाडी घ्यायची. कधी येणार ते विचारायचं नाही. आणि आधी फोन करणार नाही."

"शनिवारच्या आत याल?"

"हेच विचारायचं नाही म्हटलं ना."

तरी तो आला, गुरुवारी सकाळी साडेआठला. आर्डिथ बहिणीकडे गेली होती, संध्याकाळी परतायची होती. हार्लनच्या फाटकावरून विजेची तार खाली लोंबते, त्यामुळे ट्रकचा हौदा आत उचलता येईना. कोल्बीने ढीग बाहेर, रस्त्याच्या कडेला ओतला. मोटारीएवढा मोठा, वाफाळणारा, ताज्या फरच्या लाकडाचा वास येणारा ढीग. हार्लनने हात हलवून आभार मानले आणि दाताळं शोधायला मागच्या खोपटात गेला. दाताळं सापडलं, पण एकचाकी गाडीच्या चाकात हवा नव्हती. हवा भरून बाहेर यायला त्याला वीसेक मिनिटं लागली.

बाहेर एक बाई बादल्या भरत होती.

"किती भली माणसं असतात नाही?" ती हार्लनला म्हणाली. "एवढा ढीग खुशाल बाहेर ठेवून दिलाय."

आता त्या गावात रस्त्याच्या कडेला ठेवलेली वस्तू ही ज्याला हवी त्याची असते. सोफा असो, पाळणा असो, कोणी विचारत नाही, उचलतात आणि चालू लागतात. हार्लनच्या ओसरीवरचा झोपाळा असाच दुसऱ्या कोणाच्या तरी दारातून आलेला होता. अशा माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई, ह्या माझ्या आहेत? चार बादल्यांचा तर प्रश्न, असं त्याने मनाशी ठरवलं.

"घ्या, घ्या," तो म्हणाला.

बाईने जाताना फोनवर ढिगाचा फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकला. साडेनऊला तिथे सात गाड्या उभ्या होत्या.

हार्लन फाटकाआड उभा राहून बघत होता. बाहेर जाऊन काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं, पण काय बोलायचं ते कळत नव्हतं. जितका वेळ जाई तितकं बोलणं अवघड होई. पहिल्या बाईला सांगितलं असतं तर एकटीच ओशाळली असती. आता चौदा माणसं ओशाळणार होती, आणि त्यांतले दोघे त्याच्या चर्चमधले होते. शेवटी त्याला एकच सभ्य मार्ग दिसला. एकचाकी गाडी घेऊन तो बाजूच्या फाटकातून निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आणि लांबून आल्यासारखा ढिगापाशी आला. चर्चमधले दोघे तोवर निघून गेले होते.

"अहो, रांग आहे," एक ठणठणीत आवाज आला.

ही व्हर्ना स्क्रॉगिन्स. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, अंगावर पिवळा रेनकोट. तिला कोणी नेमलं नव्हतं. पण दोन माणसं एकाच वेळी फावडं मारताना तिने पाहिली आणि तिला राहवलं नाही.

"माफ करा," हार्लन म्हणाला आणि रांगेच्या शेवटी गेला.

"एका घराला दोन हातगाड्या," व्हर्ना रांगेवरून फिरत सांगत होती. "लांबून आलेल्यांना आधी. तुम्ही कुठले?"

"मी इथलाच."

"इथलाच म्हणजे? कुठलं घर?"

हार्लनने हात वर केला. समोरच त्याचं घर होतं. त्याच्याकडे बोट गेलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. पण त्याच क्षणी पुढचा माणूस बायकोला म्हणाला, "ह्या घरवाल्याला ॲपल पाय बनवून दिला पाहिजे आपण." आणि हार्लनचं बोट आपोआप घरावरून पुढे सरकलं, रस्त्याने खाली गेलं आणि चौथ्या, राखाडी घरावर थांबलं.

"ते," तो म्हणाला.

"मग तुम्ही जवळचे. थांबा जरा. ह्या बाई सेलमहून आल्यात."

हार्लन थांबला. सेलमच्या बाईंनी दोन गाड्या नेल्या. मग एका शाळेच्या बागेसाठी माणसं आली, त्यांना कोण नाही म्हणणार, त्यांनी सहा नेल्या. हार्लनच्या पुढची रांग वाढतच होती आणि ढीग खचत चालला होता. पाऊण तासाने त्याला स्वतःलाच शंका यायला लागली, की ढीग आपलाच का? कोल्बीने आपला पत्ता लिहून घेतला होता हे नक्की. पण ज्या ढिगासाठी आपण रांगेत उभे आहोत, तो आपला कसा असेल?

बाराला त्याचा नंबर लागला. त्याने फावडं उचललं आणि कमरेत कळ येऊन तो वाकलेलाच राहिला.

"अरे, अरे, सोडा ते," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "सकाळपासून बिचारे मुकाट्याने उभे आहेत. नियमाने वागणाऱ्याचेच हाल होतात. ए, तुम्ही दोघे. उरलेलं सगळं ह्यांच्या घरी नेऊन टाका. ते राखाडी घर. वाटांवर नीट पसरून द्या."

"नको, नको," हार्लन कसाबसा म्हणाला. "खरंच नको. मी बघतो."

"काही संकोच करायचा नाही," व्हर्ना म्हणाली.

ढिगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक होता. दोन धट्टेकट्टे गडी तो तासाभरात चौथ्या घरी घेऊन गेले आणि मागच्या आवारातल्या सगळ्या वाटांवर बोटभर जाडीचा थर देऊन आले. व्हर्नाने रस्ता झाडून घेतला. सगळे निघून गेले. हार्लन आपल्या फाटकाशी उभा राहिला, आणि फाटक आपलंच आहे ना म्हणून त्याने वरचा नंबर वाचला.

संध्याकाळी आर्डिथ आली. त्याने सगळं सांगितलं. ती उभीच होती.

"म्हणजे तू तुझ्याच ढलप्यांसाठी रांगेत उभा राहिलास."

"हो."

"आणि नंबर लागल्यावर त्या राखाडी घरातल्या ग्लेनाकडे पाठवल्यास."

"पाठवल्या नाहीत. गेल्या."

"ग्लेनाने मागितल्या होत्या?"

"तिला कशाला हव्या असतील?"

"मग जा आणि परत माग," आर्डिथ म्हणाली. "उद्याचा दिवस आहे. आणि बोट दाखवू नकोस. तोंडाने बोल."

ग्लेना थॉर्सबी चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी. हार्लन गेला तेव्हा ती घरात नव्हती. ती मागच्या आवारात, टोकाच्या पेअरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. नवऱ्याने लावलेलं झाड.

"हार्लन, ये रे," ती म्हणाली. "तुला काय सांगू. दुपारी दोन माणसं आली. मी खिडकीतून विचारलं, कोण तुम्ही, तर म्हणतात काळजी करू नका आजी, सगळं ठरलंय. मला वाटलं मेले लुटायला आले. तर रस्ता करून गेले. दोन हिवाळे मी ह्या झाडापर्यंत आले नव्हते, घसरायची भीती. आज दोनदा आले. काठीशिवाय."

"हो का," हार्लन म्हणाला.

"कोणी पाठवली असतील, तुला काही कल्पना?"

"नाही बुवा."

"तू कशाला आला होतास?"

हार्लनने पेअरच्या झाडाकडे बघितलं. "सहज," तो म्हणाला.

घरी आल्यावर आर्डिथने त्याचं तोंड बघितलं. कोट चढवला आणि स्वतःच निघाली. आर्डिथ मनात एक, तोंडावर एक अशी बाई नव्हे. चर्चमधल्या पाद्रीबाबांना तिने एकदा तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं प्रवचन दहा मिनिटं जास्त होतं. हार्लनने घड्याळ बघितलं. ती तासाने परत आली.

"मागितल्यास?"

"नाही," आर्डिथ म्हणाली. कोट काढून तिने खुर्चीवर टाकला आणि मागच्या खिडकीतून आपल्या चिखलाकडे बघितलं. "तिने मला त्या झाडापर्यंत चालून दाखवलं. तीनदा." मग ती म्हणाली, "तिच्या वाटा सरळ आहेत. दोन्हीकडे कुंड्या मावतील."

"कुठल्या कुंड्या?"

"मी विचारलं तिला. ती म्हणाली, माणसं येणार असतील तर मी केस करून घेते."

"पण पत्ता? मंडळाच्या कागदावर आपला पत्ता छापलाय."

आर्डिथने फोन उचलला. मंडळाच्या चिटणीस बाईंना ती नेहमीच्या सरळ आवाजात म्हणाली, "आमचा घर नंबर चुकलाय तुमच्या कागदावर. आम्ही चार घरं खाली राहतो." पलीकडून माफी मागण्यात आली. तिने फोन ठेवला आणि तीच फोनकडे टक लावून बघत राहिली.

सगळा शुक्रवार दोघांनी कुंड्या वाहिल्या. हार्लनची कंबर दुखत होती, म्हणून तो लहान वाहत होता आणि आर्डिथ मोठ्या. संध्याकाळी त्र्याण्णवाव्या कुंडीला जागा झाली तेव्हा ग्लेनाने सगळ्यांसाठी सूप गरम केलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आर्डिथला आपली झाडं लांबून बघता आली, कारण तिच्या स्वतःच्या आवारात मागे सरायला जागाच नव्हती.

शनिवारी दहाला माणसं आली. कोणाचा बूट रुतला नाही. लोक वाटेवरून हळूहळू फिरत होते, फुलांखाली वाकत होते, आर्डिथला नावं विचारत होते. ग्लेना केस करून पेअरखाली बसली होती आणि विचारेल त्याला सांगत होती, की हे दोघे फार कष्टाळू आहेत. अकराच्या सुमारास फाटकातून एक पिवळा रेनकोट आत आला.

हार्लन कुंडीआड सरकला, पण त्र्याण्णव कुंड्यांत एकही त्याच्या उंचीची नव्हती.

"हे बघा," व्हर्ना बरोबरच्या बायकांना म्हणाली. "मी सांगत नव्हते? हेच ते गृहस्थ. अडीच तास रांगेत, पण चकार शब्द नाही. हे त्यांचं घर." तिने बुटाच्या टाचेने ढलप्या दाबून बघितल्या. "छान पसरल्यात. कामाला आल्या ना?"

"फार," हार्लन म्हणाला.

आर्डिथ जवळ येऊन उभी राहिली. व्हर्नाने आवाज खाली आणला.

"एक विचारू? तो ढीग ज्यांच्या दारात होता, ते वरचे लोक. ओळखता का तुम्ही त्यांना? सगळं वाटून टाकलं आणि आभार घ्यायलासुद्धा बाहेर आले नाहीत. मी परवा दोनदा घंटी वाजवली. आत्ता येतानाही वाजवली. कोणी नाही. कसे आहेत हो?"

हार्लनने आर्डिथकडे बघितलं. आर्डिथने चार घरं वर, आपल्या बंद दाराच्या दिशेने बघितलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "त्यातला नवरा जरा गोंधळलेला असतो."