नाताळ-झाडे, नग बारा

हिंगणीत नाताळ हा सण पुष्कळ वर्षे शांततेत पार पडत असे. त्या दिवशी बँक बंद असते, एवढी माहिती गावाला पुरेशी होती. पुढे धरणाच्या रस्त्यावर 'रान-निवांत' नावाचे रिसॉर्ट उभे राहिले आणि वाघ पाहायला येणारी नागपूरची मंडळी तिथे मुक्काम करू लागली. वाघ दिसेलच अशी हमी कोणाला देता येत नसल्यामुळे त्यांना दुसरे काहीतरी दाखवणे भाग होते. डिसेंबर महिन्यापुरते ते दुसरे काहीतरी म्हणजे नाताळ, असे रिसॉर्टच्या व्यवस्थापनाने ठरवले.

एसटीच्या थांब्यासमोर पुंडलिकरावांचे किराणा दुकान होते आणि गावाबाहेर थोडी शेती. काडेपेटी घ्या नाहीतर गुळाची भेली घ्या, पुंडलिकराव टपोऱ्या अक्षरांत बिल लिहून देत. सरकारवर त्यांचा विश्वास होता. तो त्यांना वडिलांकडून मिळाला होता, आणि आजवर वापरायची फारशी वेळ न आल्याने अगदी नव्यासारखा राहिला होता.

त्या वर्षी नालवाडीहून नात वेदश्री दोन दिवसांसाठी आली आणि तिने आजीकडे ख्रिसमसचे झाड मागितले. आजीने, म्हणजे वच्छलाबाईंनी, टीव्हीवर पाहिले होते, की ते झाड वर निमुळते असते आणि त्यावर पांढरे काहीतरी पडलेले असते. शेतातला एक तुकडा हरभऱ्यासाठी मोकळा केला होता, तिथली उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झुडपे, बांधावर पडून होती. त्यातली एक बेताच्या उंचीची, चहूकडे सारख्या फांद्या असलेली त्यांनी निवडली. शेवटच्या वेचणीत राहून गेलेला कापूस बोंडांतून अर्धा बाहेर आला होता, त्यामुळे बर्फाचा प्रश्न परस्पर सुटला. तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून पऱ्हाटी उभी केली, डब्याला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला, बोंडांची सुकी टरफले चुन्यात बुडवून घंटा केल्या. चांदण्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कापल्या. त्यांपैकी सर्वात वरच्या चांदणीवर सोनेरी अक्षरांत 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असे आले होते.

नात गेली. झाड दुकानातल्या काट्याशेजारी राहिले. रिसॉर्टचा मॅनेजर धीरज अंडी न्यायला आला आणि अंडी विसरून झाडाकडेच पाहत राहिला.

"काकाजी, हे कुठून मागवलं?"

"मागवलं नाई. घरी केलं. तुमच्या काकूनं."

"घरी? म्हणजे होममेड?" धीरजचा आवाज एकदम हळू झाला, जणू झाडीत पट्टे दिसले होते. "काकाजी, गेस्टले हेच पायजे असते! बारा करून देसान काय? ख्रिसमसच्या आधी पोचवजा फक्त."

वच्छलाबाईंनी आजवर केलेल्या पापड-कुरडयांना कधी कोणी ऑर्डर हा शब्द वापरला नव्हता. त्या कामाला लागल्या. ओसरी चांदण्यांनी भरली. आपली बायको कात्री धरून बसली, की ओठ एका बाजूला मुडपून घेते, हे पुंडलिकरावांनी इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच पाहिले आणि दुकानातून उगाचच दोनदा आत येऊन परत पाहिले. बारा झाडे तयार झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "अजी, बिलावर मायं नाव टाकजा."

पुंडलिकरावांनी इंग्रजी शब्द कटाक्षाने टाळून लिहिले : 'नाताळ-झाडे, नग बारा. करणार : सौ. वच्छलाबाई.' नावाखाली एक रेघही मारली.

रिसॉर्टच्या वाटेवर जंगलाचा नाका आहे. तिथल्या पहाऱ्यावरच्या रूपरावने झाडे आणि पुंडलिकराव यांना घेऊन निघालेला मुकेशचा मालवाहू ऑटो थांबवला, बिल वाचले आणि टोपी नीट केली.

"बारा झाडं घेऊन चालले, पुंडलिकभाऊ?"

"झाडं कायची रे, पऱ्हाटी हाय थे. तुया वावरात नाई काय?"

"मले दिसून राह्यलं पऱ्हाटी हाय म्हून. पन बिलावर झाडं हाय. आता मी डोयाचं आयकू का बिलाचं?"

पुंडलिकराव स्वतः आयुष्यभर बिलाच्या बाजूचे. ते ऑटोतून खाली उतरले.

नाक्यामागे 'काष्ठ व तत्सम वस्तू वाहतूक कक्ष' होता. तिथल्या साहेबांनी पुंडलिकरावांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग झाडाचे माप घ्यायला सांगितले. नियमानुसार खोडाचा घेर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजायचा असतो. झाड गुडघ्याएवढे होते. नियम वाकवता येत नसल्यामुळे शिपाई जमिनीवर मांडी घालून बसला, तरी छाती वरच राहिली. तेव्हा तो पालथा झाला आणि घेर नियमात बसला.

"जात?" साहेबांनी विचारले. पुंडलिकराव दचकले. "झाडाची," साहेब म्हणाले.

"कापूस."

साहेबांनी दोन याद्या चाळल्या. तोडण्यास मनाई असलेल्या वृक्षांत कापूस नव्हता. तोडण्यास मुभा असलेल्या वृक्षांतही नव्हता. "दोन्ही याद्यांत नाही," ते गंभीर झाले. "म्हणजे दुर्मीळ आहे."

"साहेब, तोडली नाई जी. उपटली."

"मुळासकट?"

"व्हय."

साहेबांनी 'समूळ उच्छेद' असे लिहिले. "एका झाडामागे पाच झाडं लावून ती जगवावी लागतात, कल्पना आहे ना?"

"पाच काऊन साहेब? दरसाल हजारानं लावतो मी!"

साहेबांची लेखणी थांबली. "आणि मग त्या हजारोंचं काय करता?"

"उपटतो," पुंडलिकराव म्हणाले, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळले.

डोक्यावर पंखा फिरत होता. डिसेंबरातही तो सुरू होता, कारण बंद करण्याचा आदेश आलेला नव्हता. साहेबांनी बिल पुन्हा उचलले. "करणार, सौ. वच्छलाबाई. गुन्हा मग यांच्याच नावावर जाईल. खाली रेघही मारलीय तुम्ही."

पुंडलिकराव खुर्चीतून उठले. बायकोचे नाव लग्नानंतर प्रथमच कुठे कागदावर कौतुकाने लिहिले, आणि ते आरोपीच्या रकान्यात जाऊन बसत होते. त्यांनी हात जोडले. साहेब वाईट गृहस्थ नव्हते. "हे बिल मी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "झाड हा शब्द काढा. 'शोभेच्या घरगुती वस्तू' लिहा. वस्तूला आमच्याकडे मनाई नाही."

पुंडलिकरावांनी तिथेच दुसरे बिल लिहिले. यात बायकोचे नाव टाकले नाही. रूपरावने तेही वाचले.

"घरगुती कायवरून?"

"घरी केलं म्हून."

"थे तुमी म्हनता. दाखला पायजे न भाऊ."

घरगुतीचा दाखला वर्ध्याला मिळत असे. 'गृहनिर्मित शोभावस्तू प्रमाणन कक्षा'तून ज्योत्स्ना मॅडम स्वतः पाहणीला आल्या. त्यांनी चांदण्या उजेडात धरून पाहिल्या, घंटा वाजवून पाहिल्या, त्या वाजत नसल्याची नोंद घेतली आणि वच्छलाबाईंना म्हणाल्या, "फार सुरेख आहे हो काकू. मनापासून सांगते." मग त्यांनी घर पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथे तुम्ही राहता?"

"व्हय."

"म्हणजे स्वयंपाक, झोपणं, सगळं इथेच?"

"आता घर हाय म्हनल्यावर कुठं झोपावं बाई?"

"तीच अडचण आहे. घरगुती वस्तू म्हणजे नोंदणीकृत घरगुती केंद्रात तयार झालेली वस्तू. आणि केंद्रात कोणी राहत असेल तर त्याला निवासस्थान म्हणतात. निवासस्थानात उत्पादन करता येत नाही."

पुंडलिकरावांनी मनातल्या मनात हे दोनदा वाचून पाहिले. चूक कुठे सापडत नव्हती. "म्हणजे, मॅडम, घरी केलेलं घरगुती नसते?"

"घरात कोणी राहत नसेल तर असतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तिळमात्र कुत्सितपणा नव्हता. "तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात तर मी आजच शिफारस करते. माझ्या हातात आहे तेवढं सगळं मी करीन."

त्या गेल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "आपल्याच घरातून आपनच निघाचं? काऊन?"

"घरगुती व्हावं म्हून."

"जयू द्या थे ऑर्डर. मले नाई पायजे."

पण पुंडलिकरावांना ते पटेना. पहिल्या बिलाची कार्बन प्रत वहीत तशीच होती आणि ती कोणी पाहिली तर काय, या विचाराने त्यांना जेवण जात नव्हते. एकदा सरकारी दाखला हातात आला, की ही बाई दोषी नसून प्रमाणित आहे हे सिद्ध होणार होते. शिवाय, आणि हे ते बोलले नाहीत, त्यांना ती झाडे लोकांनी पाहायला हवी होती.

दोघे मागच्या गोठ्यात राहायला गेले. गोठ्यात गाय होती आणि एक कालवड. त्यांनी हरकत घेतली नाही. गव्हाणीशेजारी कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, पसरून त्यावर गादी टाकली. समोर, चाळीस वर्षांच्या घराच्या दारावर पाटी लागली : 'घरगुती केंद्र. येथे राहण्यास सक्त मनाई आहे.'

"थंडी लागते काय वं?" पुंडलिकरावांनी विचारले.

"गाय हाय बाजूले. उबारा येते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दाखला चोवीस तारखेला आला. रूपरावने तो वाचला, पुंडलिकरावांना सलाम केला आणि स्वतःच्या हाताने आडवा बांबू वर केला. पुंडलिकरावांचा सरकारवरचा विश्वास तेवढ्यापुरता परत आला. तो रिसॉर्टच्या फाटकापर्यंत टिकला.

आत झाडे लागलेली होती. चकचकीत प्लास्टिकची होती, त्यांच्यावर प्लास्टिकचा कापूस होता आणि प्रत्येकाच्या गळ्यात 'आजीच्या हातची माया' अशी छापील चिठ्ठी होती.

"काकाजी, लई वाट पाह्यली," धीरज खरोखरच ओशाळला. "गेस्ट येऊन राह्यले न. दिल्लीवरून मागवा लागले."

"नाक्यावर अडवलं नाई?"

"काऊन अडवतीन? त्यात झाडाचं काई नाई, घरचंबी काई नाई. अन् होममेडचं सर्टिफिकेट कंपनीचं आधीच तयार असते."

पुंडलिकराव ऑटोकडे वळले तेव्हा धीरज मागून आला. अंगणात येशूच्या जन्माचा देखावा करायचा होता. गोठा बांधून झाला होता, पण खरा वाटत नव्हता. "काकाजी, तुमच्या गोठ्यातलं थोडं कुटार भेटन काय?"

मुकेशच्या हाती पुंडलिकरावांनी एक पोते कुटार पाठवून दिले. बिल केले नाही.

सूर्य धरणाकडे कलला तशी गारठ्याने हात वळेनात. वच्छलाबाईंनी ऑटोतून उतरवलेली झाडे एक एक करून डब्यातून उपसली आणि गोठ्यासमोर त्यांची शेकोटी पेटवली. पऱ्हाटीच ती, लगेच धरली. कापूस आधी गेला, मग घंटा, मग लग्नपत्रिका.

"ह्याले परवानगी लागत अशीन काय वं?" पुंडलिकरावांनी हळूच विचारले.

"इस्तवानं तं काई इचारलं नाई," त्या आगीकडे पाहत म्हणाल्या. हसल्या नाहीत. चांदण्या आगीत टाकताना त्या प्रत्येकीची टोके बोटाने सरळ करत होत्या.

तेवढ्यात गोठ्याशेजारच्या रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली. नागपूरचे एक कुटुंब रिसॉर्टची वाट विचारायला उतरले. गोठा, गव्हाण, गाय, कालवड, शेकोटीशी बसलेले म्हातारे जोडपे आणि ज्वाळेत सोनेरी चांदणी. त्यांच्यातल्या बाईंनी छातीवर हात ठेवला. "किती खरं आहे हे! काकू, एक फोटो काढू? तुम्ही बघू नका हं इकडे, शेकत राहा."

वच्छलाबाईंनी पदर पुढे ओढला. तो फोटोत जास्तच चांगला आला.

तो फोटो तुम्ही पाहिला आहे. खाली 'यांच्याकडे काही नाही, तरी किती समाधान!' असे लिहिले होते. तुम्ही त्यावर हात जोडल्याचे चिन्ह टाकलेत, साधेपणा आपण कसा गमावून बसलो याबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि नाताळच्या शुभेच्छा म्हणून तो नातेवाइकांना पाठवलात. तो इतका फिरला, की 'रान-निवांत'ने मागणीला मान देऊन यंदापासून 'गोठ्यातला अस्सल मुक्काम' सुरू केला आहे. गोठा तोच ठरला आहे. घरगुतीच्या दाखल्याची मुदत अजून संपलेली नसल्याने घरात कोणाला राहता येत नाही, आणि मुक्कामाच्या अटीनुसार गोठ्यात पाहुण्यांखेरीज कोणी असू नये.

तुमचे बुकिंग पंचवीस तारखेचे आहे. त्या रात्री आपण कुठे निजायचे, असे वच्छलाबाईंनी विचारले आहे.