हिऱ्या बैल आणि सहा वाजून सात मिनिटं

समजा, सूर्य बुडायला एक तास राहिला आहे आणि तेवढ्यात तुम्हाला दोन मोठ्या माणसांना जेवायला बसवायचं आहे. ताटं तयार आहेत, माणसं भुकेली आहेत. सोपं वाटतं ना? आता त्यात एवढंच धरा, की ती दोन माणसं एका सिनेमावरून भांडत आहेत.

सांगलीतल्या दहा वर्षांच्या चंदनावर डिसेंबरातल्या एका चतुर्दशीला हीच वेळ आली. तिचं घर जैन. सूर्य बुडाला की सूर्योदयापर्यंत त्या घरात कुणी जेवत नाही. आजीचा, म्हणजे गुणमालाबाईंचा नेम तर आणखी कडक. चतुर्दशीला त्या दिवसातून एकदाच जेवत, पाणीही तेव्हाच पीत, आणि ते जेवण संपेपर्यंत मौन पाळत. घरी पाहुणा असला, तर तो ताटावर बसल्याशिवाय त्या घास घेत नसत. म्हणजे आज पाहुणा सूर्यास्ताआधी बसला नाही, तर शहात्तर वर्षांच्या आजीच्या पोटात उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा जाणार नव्हतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून सात मिनिटांनी दिला होता. आई, रूपाली, तव्यावरच्या पुरणपोळीतून मान वर न करता म्हणाली, "चंदू, पप्पांना आणि काकांना साडेपाचला पाटावर बसव. तेवढं एकच काम कर माझं."

पाहुणे म्हणजे उंब्रजचे नानासो काका. पप्पांचे कॉलेजातले मित्र, सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले, आता ऊस आणि बैल बघणारे. उद्या सकाळी सांगलीत काम होतं म्हणून मुक्कामाला आले होते. पप्पा, म्हणजे भरतेश, हळदीचे व्यापारी. दोघांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलून झालं, आणि मग पप्पा सहज बोलून गेले की 'सातव्या मैलाचा दगड' हा पिक्चर लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.

तो पिक्चर काकांच्या गावात चित्रित झाला होता. त्याला देशातली बक्षिसं मिळाली होती, परदेशातली मिळाली होती. आणि त्यात काकांचा हिऱ्या बैल होता. पप्पांना पहिल्या तीन गोष्टी माहीत होत्या. चौथी माहीत नव्हती.

काकांनी कप खाली ठेवला. "काय वाईट हाय त्यात?"

"वाईट कुठं म्हणालो मी? एक माणूस दहा मिनिटं नुसता रस्त्याकडं बघत बसतो. त्याला काय बक्षीस द्यायचं? आमच्या मार्केट यार्डात यायचं, रोज पन्नास माणसं तशीच बसल्याली असत्यात."

"तुला कळला न्हाई म्हण की."

"कुणालाच कळला न्हाई, नाना. कळला न्हाई असं म्हणायची लाज वाटती, म्हणून समदी टाळ्या वाजवत्यात."

मग काकांनी पप्पांच्या आवडत्या 'पैंजण पेठ'वर हल्ला चढवला. त्यातली नायिका सात गाणी रडते आणि आठव्यात आंधळी होते, त्याला एवढं मोठं म्हणायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं होतं. पप्पांनी तो पिक्चर आपल्या वडिलांसोबत पाहिला होता. त्यामुळे आता एका बाजूला बैल होता आणि दुसऱ्या बाजूला वडील.

साडेपाच वाजले. चंदनाने दारात उभं राहून ताटं वाढल्याचं सांगितलं. दोघांनीही "आलो, आलो" म्हटलं आणि कुणी हललं नाही.

चंदना विचार करणारी मुलगी होती. भांडण पप्पांनी काढलंय, तर पप्पांनीच ते मिटवावं, असं तिला वाटलं. तिने पप्पांच्या कानात आजीचं सांगितलं. पप्पा एकदम ताळ्यावर आले आणि म्हणाले, "बरं नाना, चांगला हाय तुझा पिक्चर. चल, जेवू."

तिथे घोळ झाला. काका सैन्यातले. असली शरणागती त्यांना चालत नव्हती.

"पोरीनं सांगितलं म्हणून म्हणतोस व्हय? न्हाई, मनापासून पटल्याशिवाय मी उठत न्हाई."

"मनापासून म्हटलं तर बंडल हाय," असं पप्पांच्या तोंडून निसटलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

पावणेसहाला आजी स्वतः बाहेर आल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीतून सूर्याकडे बोट केलं. काका खूश झाले. "बघ, काकीबी म्हणत्यात, लय वरच्या दर्जाचा हाय." आजींनी घाईघाईने दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. पप्पा म्हणाले, "आईचं मत माझ्यासारखंच हाय." आजींनी कपाळाला हात लावला. त्यावर दोघांचं एकमत झालं, की त्यांना तिसराच कुठला तरी पिक्चर आठवला असावा. आजी आत जाऊन पाटाशेजारी भिंतीला टेकून बसल्या. त्यांचे ओठ सुकले होते. चंदनाला ते दिसलं.

शेवटी पप्पांनी टीव्ही लावला. म्हणाले, डोळ्यांनीच बघू आणि एकदाचं ठरवू. पिक्चर दोन तास दहा मिनिटांचा होता. चंदनाने घड्याळ पाहिलं. पाच बावन्न.

पडद्यावर खरोखरच एक माणूस रस्त्याकडे बघत बसला होता. काकांनी रिमोट घेऊन पुढचा भाग सराईतपणे पळवला आणि बरोबर अकराव्या मिनिटाला थांबवला. बाभळीखालून एक पांढरा बैल डुलत गेला. काका उठून उभे राहिले. "ह्यो आमचा हिऱ्या. आता बोल."

पप्पांची पंचाईत झाली. मित्राच्या बैलाला नावं कशी ठेवायची? तेवढ्यात चंदनाने विचारलं, "काका, मग पुढं काय होतं?"

"पुढं? पुढं तर लय भारी हाय."

"म्हणजे काय होतं?"

काका जरा घुटमळले. मग त्यांनी सांगितलं, की हिऱ्या पडद्यावर दिसल्यावर ते थेटरातून बाहेर आले होते, गावाकडे फोन लावायला. गावात साठ-सत्तर जणांना कळवायचं होतं. परत आत गेले तेव्हा लोक बाहेर पडत होते.

चंदनाने पप्पांकडे पाहिलं. पप्पा रिमोटकडे पाहत होते. मग त्यांनीही कबूल केलं, की तो माणूस रस्त्याकडे बघत असतानाच त्यांना झोप लागली होती. घोरले म्हणून मागच्या माणसाने उठवलं, ते थेट दिवे लागल्यावर.

"म्हणजे शेवट दोघांनीबी बघितला न्हाई," चंदना म्हणाली. ती चिडून बोलली नाही. बाईंनी गृहपाठ तपासावा तशी बोलली.

चंदनाने काकांच्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"शेवट मी दाखवते. पण जेवल्यावर."

पाच छप्पन्नला दोन्ही माणसं पाटावर होती. आजींनी पहिला घास घेतला. आजी मौनात असताना त्या घरात ताटावर कुणीच बोलत नाही, हे काकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यामुळे सुभेदार खुणेनेच तूप मागत होते आणि मध्येच बंद टीव्हीकडे मान वळवत होते. सहा वाजून पाच मिनिटांनी आजींनी तांब्यातलं शेवटचं पाणी प्यायलं आणि डोळे मिटून हात जोडले. बाहेर कृष्णेच्या बाजूला सूर्य गेला.

कबूल केल्याप्रमाणे चंदनाने शेवटची दहा मिनिटं लावली. आणि हिऱ्या पुन्हा आला. या वेळी तो लांबून जात नव्हता. पडदाभर त्याचं तोंड होतं. रस्त्याकडे बघणारा तो माणूस त्याच्या गळ्यात हात घालून उभा होता. मग त्याने दावं सोडलं आणि एका टेम्पोवाल्याच्या हातात दिलं. टेम्पो सातव्या मैलाच्या दगडाजवळून दिसेनासा झाला आणि नावं सुरू झाली.

पप्पांनी नाक पुसलं. "नाना, काय पिक्चर हाय रं. त्यो रस्त्याकडं का बघत होता, ते आत्ता कळलं. टेम्पोची वाट बघत होता."

काका ताठ बसले होते. "इकला? आमचा हिऱ्या इकला?"

"आरं, पिक्चरात इकला. तुझ्या गोठ्यात हाय की त्यो."

"मला इचारलं न्हाई. म्हणाले, बैल नुसता चालवायचा हाय. असल्या पिक्चरला बक्षिसं देत्यात? उगाच डोक्यावर घेतलाय."

"तुला कळला न्हाई, नाना."

"मला? बैल माझा, आन् मला कळला न्हाई?"

आजींचं मौन आता सुटलं होतं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आत आईने उद्याच्या नाश्त्याचे पोहे निवडायला घेतले होते.

चंदनाने रिमोट जागेवर ठेवला. मग ती स्टूल घेऊन कॅलेंडरापाशी गेली आणि उद्याचा सूर्योदय किती वाजता आहे, ते बोट ठेवून पाहू लागली.