आबांच्या पत्रकांना ऊन

घर आवरण्यात माझा हात धरणारं अख्ख्या पळसदरीत कोणी नाही! म्हणून तर सासऱ्यांच्या निवडणुकांची कागदपत्रं मुंबईच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "आबा, तुम्ही फक्त बसा. सगळं मी लावते."

आमचे आबा म्हणजे माजी आमदार. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, आणि दाराशी चप्पल दिसेनाशी झाली. संग्रहालयात आपल्या नावाचं एक कपाट असणार, एवढ्या आशेवर माणूस रोज सकाळी उठत होता. संग्रहालयाच्या बाई उद्या कागद न्यायला येणार होत्या.

माळ्यावरून खोकी काढली. पत्रकं, जाहीरनामे, आबांच्या हातची भाषणं. सगळ्याला कुबट वास! मी पडले हुशार. गावागावाचे वेगळे गठ्ठे बांधले, वर चिठ्ठ्या लावल्या, लोधिवली, साजगाव, चौक. अंगणात उन्हाला ठेवले आणि जेवायला बसले.

आमच्याकडे पुढाऱ्याच्या अंगणात गावाच्या नावाचे गठ्ठे दिसले, की कार्यकर्ता विचारत बसत नाही. उचलतो! आमदाराच्या सुनेला हे कळायला नको? हात धुऊन बाहेर आले तर अंगण मोकळं!

"विठूनं नेलं ना बद्रुद्दीनच्या टेंपोतून," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तूच बोलावलंस."

विठू हा आबांचा जुना कार्यकर्ता. मी फोन लावला.

"विठूभाऊ, कागद परत आणा!"

"वैनी, लोधिवली झाली बी! एक घर सोडला नाय!"

"अहो, आबा उभे नाहीत!"

"समजलं." त्याचा आवाज एकदम दबका झाला. "फॉर्म भरंपर्यंत आमी बी तसंच सांगू."

"देवाशप्पथ नाहीत हो!"

"वैनी, आता तुमी राजकारनात पक्क्या झाल्या बगा!"

कपाळावर हात मारून स्कूटर काढली. साजगावच्या टपरीवर आबांच्या भाषणात भजी बांधली जात होती. भजी विकत घेऊन भाषण सोडवलं. तेलात 'बंधू-भगिनींनो' एवढंच शिल्लक होतं!

घरी परतले तर रिकामा टेंपो दारात, शेजारी विठू उभा. बद्रुद्दीनचाचा अभिमानानं म्हणाले, "पोरी, एक चिटोरा मागं ठेवला नाय!"

मला रडूच फुटलं. आबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

"आबा, चुकलं माझं. तुमचं कपाट गेलं हो!"

वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण ते विठूकडे बघत होते.

"विठू, येवढी पत्रकं घरात उरली कशी रं? पडलो त्या टायमाला तर समदी वाटली म्हनून सांगितलं होतंस."

विठू टेंपोच्या चाकाकडे बघू लागला. "आबा, तवा... लगीनसराई होती."

आबा सावकाश उठले, माझ्यापाशी आले.

"रडू नको गं," ते म्हणाले. "आज मतदान असतं ना, तर आलो असतो निवडून!"