ढमाल्यांच्या गळ्यातील तटबंदीची हकिकत

श्रीसत्तेने सर्वांचे कुशल असो. ज्यांचे राहिले नाही त्यांचे वर्तमान लिहितो. शके १९४१, विकारीनाम संवत्सर. या राज्यात किल्ले उदंड, आणि सोयरीक करणे तरी आधी तटाची रुंदी पुसावी, मग कुळगोत्र, ऐसा रिवाज होता. रायाजी ढमाले सरदार, घराणे निरोगी, कोणास कधी काढा ठाऊक नाही. तेथे महाराजांचे आज्ञेने त्रिंबक वैद्य आले, आणि गळ्यास लावावयाचे यंत्र लावोन धमनीची भिंत पाहते झाले. तो रायाजींची भिंत जाड, कन्या सगुणाबाईंची जाड, बहिणीचे पुत्र हैबतराव यांचीही जाड, आणि परघरच्या सुनांची मात्र पातळ. मग वैद्यांनी दरबारी अर्ज केला की, "ही जाडी रक्तातून उतरते." दरबाराने जाड इतकेच ऐकिले. नगारे वाजले, हत्तीवरून साखर वाटली, आणि रायाजी मिशीस पीळ देऊन बोलिले, "आमचा तट गळ्यातसुद्धा रुंद आहे."

वैद्य म्हणाले, "सरदार, ही भिंत आत वाढते. रक्ताची वाट चिंचोळी होते." परंतु ऐकतो कोण? उलट ऐसा तट परघरी जाऊ नये म्हणोन सगुणाबाई हैबतरावांस देऊ केली. वैद्यांनी बाईंस एकांती विनविले, "दोन्हीकडून तेच येईल." बाई म्हणाल्या, "आबांनी शब्द दिलाय. आता मी काय बोलू?" मग लग्न जाहले, पुत्र जाहला, आणि रायाजी तालमीत जोर काढिता काढिता पडिले ते उठले नाहीत, आणि पुढील साली हैबतराव रिकिबीत पाय ठेविता गेले, वय चाळीसही नव्हते. आम्ही दोन्ही तिरड्यांस खांदा दिला.

मग बाई लेकरास कडेवर घेऊन वैद्यांकडे आल्या. "याचा गळा बघा."

"आज काही दिसणार नाही, बाईसाहेब. वय वाढेल तसे दिसेल."

"याच्या वाट्याला बाहेरचं काहीच आलं नाही का हो?"

वैद्यांनी यंत्र बासनात बांधिले. लेकरू त्यांच्या पागोट्याशी खेळत होते.

एवंच, शत्रू आला नाही, दगा जाहला नाही, घराणे मात्र बसले. वडिलांनी आपणापाशी होते ते लेकरांस दिले, हात आखडिला नाही.