पुढे जायचं तर मागे ओढा

"ती गाडी मी डोळ्यांवर पट्टी बांधून चालवून दाखवतो," असं मी भर सभेत म्हणालो. आता तुम्ही विचाराल, म्हणायची काही गरज होती का? नव्हती. पण निवृत्त माणसाला तीन वर्षांनी कुणी सभेला बोलावलं की त्याचा जिभेवर ताबा राहत नाही. त्यातून समोर चहा आला होता आणि सगळे मला 'काका, काका' करत होते.

सभा आमच्या कंपनीत होती. 'आमच्या' म्हणायचा मला हक्क आहे, कारण मी तिथला तिसरा माणूस. आज तिथून दर चार मिनिटांना विजेवर चालणारी एक मोटार बाहेर पडते. आमच्या वेळी दर चार महिन्यांना एक पडायची, आणि तीसुद्धा ढकलून!

कंपनीला तीस वर्षं पूर्ण होत होती आणि प्रश्न होता तो पहिल्या गाडीचा. ती गोदामात ताडपत्रीखाली पडून होती. प्रसिद्धी खात्याचं म्हणणं, तिची मोटर, बॅटऱ्या, सगळं काढून टाकावं आणि नुसता सांगाडा दर्शनी दालनात भिंतीवर टांगावा. वर दिव्यांचा झोत सोडला की फार छान दिसेल म्हणे. मला कुणीतरी ओळखीच्या माणसाच्या पोटात भुसा भरण्याबद्दल बोलतंय असं वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "ती जिवंत आहे. चालते."

ताई माझ्याकडे बघून हसल्या. ताई म्हणजे साहेबांची मुलगी. साहेब जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कंपनी त्याच चालवतात. एकेकाळी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून दोन वेण्यांची ती मुलगी पाढे पाठ करायची. त्यांनी समोरच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "वर्धापनदिनी सगळ्यांसमोर गाडी स्वतःच्या बळावर दहा मीटर चालली पाहिजे. चालली तर तशीच, चालती, दालनात ठेवू. नाही चालली तर भिंतीवर."

आणि तेव्हा मी ते डोळ्यांवरच्या पट्टीचं बोललो.

आता ती गाडी कशी होती ते ऐका. भाड्याच्या एका शेडमध्ये आम्ही तिघं होतो. साहेब, मी आणि मोटरवर तार गुंडाळणारा माझा दोस्त. तो दिवसभर तार गुंडाळायचा म्हणून आम्ही त्याला गुंडाळे म्हणायचो. पुढे त्याचं हजेरीपत्रकही त्याच नावाने निघालं. मी त्याआधी सायकली दुरुस्त करायचो. वायरिंग शिकलो ते एका जुन्या पुस्तकातून, आणि त्या पुस्तकाची मधली सोळा पानं नव्हती.

शेडमध्ये वीज बेताची. त्यामुळे गाडी चार्ज व्हायची शेजारी साहेबांच्या घरात, वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या प्लगवर. खिडकीतून केबल आत जायची. गाडी लावली की घरातले दिवे मंद व्हायचे आणि मिक्सर फिरायचा नाही. वहिनी खिडकीतून डोकावून विचारायच्या, "गाडीचं जेवण झालं का? आम्ही जेवायचं म्हणतोय." आजही आमच्या कारखान्यात चार्जिंगला लावलेल्या गाडीला 'जेवायला बसवली' म्हणतात. नव्या पोरांना का ते माहीत नाही, पण म्हणतात. ते कानावर पडलं की मला अजून त्या खिडकीतून फोडणीचा वास येतो.

गाडीचा आवाज मात्र मुळीच यायचा नाही. रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला उड्या मारायची, म्हणून मी तिला सायकलची घंटी बसवली. आता आमच्याकडे गाडीने कोणता आवाज करावा हे ठरवायला वीस माणसांचं खातं आहे. त्यांचं काम मी तेव्हा एका घंटीवर भागवलं होतं!

आणि त्या गाडीला एक दांडा होता. पुढे ढकलला की गाडी पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की स्वस्थ. निदान ठरलं तसं होतं. पहिल्यांदा गाडी सुरू केली त्या दिवशी साहेबांनी दांडा ऐटीत पुढे ढकलला, आणि गाडी ऐटीत मागे गेली. शेडचा पत्र्याचा दरवाजा घेऊनच थांबली. मी दोन तारा उलट जोडल्या होत्या.

मला वाटलं, संपली आपली नोकरी. तेवढ्यात धावत आलेल्या वहिनींनी विचारलं, "कुणी केलं हे?" साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी. माझीच जोडणी चुकली."

तारा बदलायला दहा मिनिटं लागली असती. पण दरवाजा पडला तेव्हाच आमचं पहिलं गिऱ्हाईक समोर येऊन उभं होतं. दातांची डॉक्टरीण. दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकून तिचे कान किटले होते आणि तिला घरी जाताना शांतता हवी होती. तिने विचारलं, "हे उलटं कसं?" आमची तिघांची दातखीळ बसली. वहिनी पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "होडीसारखं आहे. वल्हं मागे ओढलं की होडी पुढे जाते ना? पुढे जायचं तर मागे ओढा."

डॉक्टरणीला ते इतकं पटलं की तिने तशीच एक गाडी तिथल्या तिथे ठरवली. तिने सांगितलं म्हणून तिच्या मैत्रिणीने घेतली, आणि मैत्रिणीलाही उलटाच दांडा हवा होता. आमच्या पहिल्या अकरा गाड्या उलट्या दांड्याच्या निघाल्या! त्या अकरा गाड्या मी इतक्या चालवल्या की माझा हात कायमचा उलटा झाला.

तर पुन्हा मूळ गोष्टीकडे. गाडी दुरुस्तीला दिली होती एका तरुण इंजिनिअर मुलीकडे. मोठ्या काचांचा चष्मा आणि हातात कायम मोजायची टेप, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो. काम चोख. तिने प्रत्येक नट धुऊन पुसून बसवला आणि मला फोन करून म्हणाली, "काका, दांड्याच्या तारा उलट्या होत्या. मी सरळ केल्यात. आता पुढे म्हणजे पुढे."

"छान केलंस," मी म्हणालो आणि मला घाम फुटला.

दोन दिवस घरी सराव केला. छत्री जमिनीवर टेकवून धरायची आणि मनात 'पुढे' म्हणत पुढे ढकलायची. पण माझा हात काही ऐकेना. 'पुढे' म्हटलं की छत्री पोटाशी यायची. बायको दारात उभी राहून बघत होती.

"काय चाललंय?"

"गाडी चालवतोय."

"मग मंडईतून जाऊन या. कोथिंबीर संपलीय."

तिसऱ्या दिवशी मी विचार केला, या वयात हात बदलण्यापेक्षा गाडी बदलणं सोपं. वर्धापनदिनी दुपारी गाडी चाकांच्या पाटावरून सभागृहात आणून ठेवली होती. सगळे जेवायला गेलेले बघून मी सीटखाली हात घातला, दोन नट सैल केले, तारांची अदलाबदल केली आणि नट आवळले. पाच मिनिटांचं काम. आता दांडा पहिल्यासारखा उलटा, माझ्या हाताला सरळ. मी इतका खूश झालो की जेवायला बसल्यावर गोड दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. गाडीच्या समोर व्यासपीठ, आणि गाडीच्या मागे प्रसिद्धी खात्याने उभारलेली 'इतिहासाची भिंत'. पुठ्ठ्याची, पण दोन मजली उंच. त्यावर साहेबांचा मोठा फोटो, त्यात ते उन्हाकडे बघत भविष्याचा विचार करताहेत असं वाटायचं. खरं तर तेव्हा ते शेडच्या गळक्या पत्र्याकडे बघत होते, फोटो मीच काढला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पहिल्याच प्रयत्नात पुढे!'

वहिनी आल्या. काठी टेकत, हळूहळू. साहेब गेल्यापासून त्या कुठल्याच समारंभाला आल्या नव्हत्या. ताईंनी त्यांना समोरची खुर्ची दिली, पण त्या सरळ गाडीकडे आल्या. "मी हिच्यातच बसणार," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी सीटच्या कापडावरून हात फिरवला. ही गाडी भिंतीवर टांगली तर या बाईंनी बसायचं कुठे, असं काहीतरी मनात आलं आणि मी डोळे पुसले.

ताईंनी खूण केली. मी घंटी वाजवली. टाळ्या पडल्या. मी ऐटीत दांडा मागे ओढला आणि पायाखालचं पेडल दाबलं.

गाडी मागे गेली.

वेग माणसाच्या चालण्याइतका. म्हणजे जे घडत होतं ते सावकाश घडत होतं आणि सगळ्यांना नीट बघायला मिळत होतं. मला वाटलं दांडा पुरता बसला नाही, म्हणून आणखी जोरात मागे ओढला. मागून करकर आवाज आला आणि आम्ही इतिहासात शिरलो. साहेबांचा फोटो हळूहळू पुढे झुकला आणि आमच्या टपावर आडवा झाला. 'पहिल्याच प्रयत्नात' उजवीकडे पडलं, 'पुढे!' डावीकडे. माझा पाय ब्रेक शोधत होता. तो नेमका कुठे आहे हे डोळ्यांवर पट्टी न बांधताही मला आठवेना. भिंतीमागच्या रिकाम्या खुर्च्यांचा ढीग मधे आला तेव्हा कुठे गाडी थांबली.

टपावरच्या पुठ्ठ्यापलीकडून गुंडाळेचा आवाज आला. बिचारा धापा टाकत धावत आला होता.

"अरे, मागे का ओढलास? मी तुझ्यासाठी बदलून ठेवलं होतं ना!"

"काय बदललंस?"

"तारा. चहाच्या वेळी. त्या पोरीने सरळ केल्यात असं कळलं, म्हटलं तुझा हात उलटा, भर सभेत तुझी पंचाईत होईल. म्हणून मी परत उलट्या केल्या."

"बघितलंस का आधी, त्या कशा होत्या?"

"बघायचं काय त्यात? पोर चोख आहे. केल्या म्हणाली म्हणजे केल्या असणार."

दुपारी मी, चहाला हा. तीस वर्षांपूर्वी आम्ही जी जोडणी बदललीच नव्हती, ती त्या एका दिवसात दोनदा बदलली होती. चष्मेवाली पुठ्ठ्यातून वाट काढत आली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि टेप उघडून जमीन मोजायला लागली.

मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या फुशारकीपायी गाडी भिंतीवर जाणार होती, तेही भिंत मीच पाडल्यावर. आणि शेजारून हुंदक्यासारखा आवाज आला. बघतो तर वहिनी हसत होत्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताई धावत आल्या त्या आईकडे बघत उभ्याच राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी आईला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगदी अशीच गेली होती," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशीसुद्धा मागेच."

"ताई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. गाडीला शिक्षा नको. तुला हवं तर मला टांग भिंतीवर." तिला कंपनीत मी कधी 'तू' म्हणत नाही, पण तेव्हा आलं तोंडात.

ताईंनी चष्मेवालीकडे पाहिलं. "किती भरलं?"

"साडेअकरा मीटर," चष्मेवाली म्हणाली. "स्वतःच्या बळावर."

ताईंनी तो दोन ओळींचा कागद काढला, पुन्हा एकदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. "अट दहाची होती. कुठल्या दिशेने, ते मी लिहिलं नव्हतं. चालती ठेवू."

टाळ्या अशा पडल्या की पुठ्ठ्याचा उरलेला इतिहासही खाली आला.

गर्दी पांगल्यावर मी आणि वहिनी गाडीतच बसून होतो. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला आणखी ठेववेना. मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा साहेब तुम्हाला म्हणाले होते ना, की माझी जोडणी चुकली? त्यांनी मला वाचवलं होतं. तारा मी उलट्या जोडल्या होत्या."

वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने त्या पूर्वी जेवायला उशीर करणाऱ्या गाडीकडे बघायच्या.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "घरातला बल्बसुद्धा मी बदलायचे. ते कुठल्या तारा जोडताहेत?"

गाडी आता दालनात उभी असते. दर महिन्याला एकदा तिला जेवायला बसवतात आणि दहा मीटर फिरवतात. चालवते चष्मेवाली. दांडा पुन्हा उलटाच ठेवलाय, वहिनींचा तसा हुकूमच आहे. मला शेजारी बसायची परवानगी आहे, पण एका अटीवर. हात मांडीवर ठेवायचे.

घंटी मात्र मीच वाजवतो.