मोहिनीचं खरं वजन

"घोडीचं वजन किती?" जनावरांच्या डॉक्टर आरतीने विचारलं.

"अडीचशे! लई हलकी हाय, म्हणून तर वाऱ्यागत पळती," कुंडलिकने छाती फुगवून सांगितलं.

हेच उत्तर तो तीन वर्षं देत आला होता. डिंगोऱ्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यापुढे त्याची मोहिनी पळायची, पाठीवर तो स्वतः बसायचा, आणि घोडी जितकी हलकी तितकी मालकाची मिशी वर. पण जंताच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, हे मिशीला कोण सांगणार? यात्रा तीन आठवड्यांवर आली आणि मोहिनीच्या बरगड्या दिसू लागल्या. चार पावलं पळाली की धाप लागायची. अशी घोडी घाटात कशी उतरवायची, या काळजीने कुंडलिक रडकुंडीला आला होता.

आरतीने लीद तपासली. मागच्या औषधाआधी जंतांची जेवढी अंडी होती, तेवढीच औषधानंतर पंधरा दिवसांनीही होती.

"मामा, डोस कमी पडला की नुसते लेचेपेचे जंत मरतात. औषध पचवणारे उरतात, आणि त्यांचा तो गुण पोराबाळांत उतरतो. आता सगळं खानदानच तसं झालंय."

"म्हंजी मीच हिच्या पोटात पैलवान तयार केले?"

"तालीम तुमचीच! आता औषध दुसरं, आणि खऱ्या वजनावर."

घेरावरून वजन काढायला तिने घोडीच्या छातीला टेप लावली.

"आवळून धरा की जरा! आत्ताच चारा खाल्लाय तिनं," कुंडलिक टेप ओढत म्हणाला. चार वेळा मोजलं, चार आकडे आले. शेवटी त्याची बायको सारजाबाई वैतागली. "चला कांद्याच्या काट्यावर!" म्हणत तिने घोडी सोडली.

ट्रक मोजायच्या त्या काट्यावर निम्मं गाव आधीच जमलं होतं. सगळ्यांत पुढे भागुजी, कुंडलिकचा शर्यतीतला प्रतिस्पर्धी. त्याची घोडी म्हणे दोनशे वीस किलोची.

"चारशे वीस!" काटेवाला ओरडला.

"आरं, म्हैस पळवतो का काय रं?" भागुजी पोट धरून हसला. कुंडलिकचं तोंड एवढंसं झालं.

"मामा, लगाम सोडा आणि तुम्ही काट्यावरून खाली उतरा," आरती म्हणाली.

तो उतरला. काटा तीनशे तीसवर आला. सारजाबाईने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे विस्फारले.

"नव्वद? आन मला पासष्ट सांगत व्हता! ह्यो डोंगर त्या मुक्या जनावराच्या पाठीवर?"

त्या दिवसापासून मोहिनीचा डोस वाढला आणि कुंडलिकची भाकरी अर्धी झाली.

यात्रेच्या दिवशी घाट माणसांनी फुलला होता. "भिर्रर्र!" आरोळी उठली आणि मोहिनी अशी सुटली की मागच्या बैलांना तिची धूळच दिसली! टोप्या उडाल्या, भंडारा उधळला. सारजाबाई तर चक्क शिट्टी वाजवत होती. कुंडलिकला आनंदाने रडू आलं, आणि भूकही सडकून लागली होती.

भागुजी गर्दीतून वाट काढत आला. "काय दिलं रं घोडीला?"

"घोडीला औषध. मला अर्धी भाकरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागुजी घोडी घेऊन काट्यावर हजर झाला. तिला वर चढवली, लगामाला चांगला वीस फुटी दोर बांधला, आणि स्वतः पार रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.